गल्लीनं जपलेलं पुणं

धार, रविवार

प्रिय प्रणव,

फोन सोडून आत्यानं देवासला पत्र का धाडलं, म्हणून दचकू नकोस. इथे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू "हाँ आत्या, हाँ आत्या" म्हणतोस आणि मग स्वतःला हवं तेच करतोस. तुझी शाळा हिंदीत झाली, मराठी वाचताना अजून अडखळतोस, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. कंटाळलास तरी शेवटपर्यंत वाच.

परवा तुझा आवाज ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. सरकारी नोकरीत तुझी निवड झाली, आणि वेरिफिकेशनच्या फॉर्मवर मधल्या दोन वर्षांपुढे तू सरळ लिहिलंस की नोकरी नव्हती, मनाच्या आजारामुळे धारला घरी होतो, इंदूरला उपचार घेतले. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! देवासचा कारखाना सोडून आलास तेव्हाचा तू मला आठवतोस. वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला, दाढीसुद्धा न करणारा. तो काळ असा कागदावर लिहायला छाती लागते. आणि आता तूच म्हणतोस, खरं लिहिलं हेच चुकलं.

तुझं काही चुकलं नाही रे. घोळ घातला तो आपल्या गल्लीच्या चांगुलपणानं. दादानं, म्हणजे तुझ्या बाबांनी, तेव्हा सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की प्रणव पुण्याला कंपनीत लागला. पणजोबा संस्थानात कारभारी, त्यांचा पणतू घरी बसून कसा चालेल? त्यामुळे गेल्या आठवड्यात हवालदार चौकशीला आला तेव्हा गल्लीनं इमानेइतबारे पुणंच सांगितलं. समोरच्या नर्मदाबाई म्हणाल्या, "साहब, लड़का तो पूना में अफसर था!" कोपऱ्यावरच्या दत्ताजींनी तुला कंपनीची गाडीही देऊन टाकली. तू लिहिलंस घर, गल्ली म्हणते पुणं, मग त्या हवालदारानं बिचाऱ्यानं काय समजावं? तुझं प्रकरण अडकलं ते इथे.

मी तणतणत नर्मदाबाईंकडे गेले. म्हटलं, पोरगं वर आजारी होतं, पुण्याबिण्याला नव्हतं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं नलू, आम्हांला काय डोळे नव्हते? गच्चीवर त्याचे शर्ट वाळत असायचे." आठवतं तुला, सणासुदीला त्या डबा आणून द्यायच्या आणि तुझ्या आईला सांगायच्या, पुण्याला कुणी जाणारं असलं तर प्रणवला पाठव? आत पुरणपोळी असायची, तव्यावरून नुकती उतरलेली, वर तूप वितळत असलेलं. पुण्याला पोचेपर्यंत ती गरम कशी राहील, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, प्रणव. सगळ्यांनी दादाचं पुणं जपलं आणि तुलाही जपलं. मला तिथेच रडू फुटलं, मग त्यांनी चहा टाकला.

आता मुद्द्याचं. दादाच्या ओळखीच्या मानसिंगरावांचं पुण्यात वर्कशॉप आहे, ते अनुभवाचं सर्टिफिकेट देताहेत, ते जोडून फॉर्म बदलतो, म्हणजे माझं आणि गल्लीचं जुळेल, असं तू म्हणालास. मानसिंगराव भला माणूस, त्यांना तुझी कळकळ आहे. पण बाळा, एक खोटं उभं ठेवायला दुसऱ्या खोट्याचा टेकू लागतो आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा. उद्या कुणी तिथला पगार कुठे जमा व्हायचा म्हणून विचारलं तर काय दाखवशील? आणि खरं सांगू? ती दोन वर्षं तू रिकामा बसला नव्हतास, बरा होत होतास. एका सकाळी जिना उतरून आलास, आपणहून आलं किसून चहा केलास, तेव्हा वहिनीनं देवापुढे साखर ठेवली होती. असली वर्षं पुसून वर मानसिंगरावांचं वर्कशॉप लिहायचं, हे मला पटत नाही.

एवढं तर मी फोनवरही बोलले असते. पण पत्र लिहायला मला दादानं बसवलंय. काल तो स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन हवालदाराला घेऊन आला, भर दुपारी गल्लीला बाहेर बोलावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मेरा लड़का पूना कभी गया ही नहीं. बीमार था, ऊपर के कमरे में था. अब ठीक है. झूठ मैंने बोला था, उसने नहीं." नर्मदाबाईंनी आणि दत्ताजींनी नवे जबाब दिले, सह्या केल्या. हवालदार म्हणाला, "बीमारी कोई गुनाह थोड़ी है भिया, पहले ही बोल देते." नवा अहवाल उद्या जाईल. पुढचं त्यांच्या हातात, पण तू लिहिलेलं आता सगळी गल्ली खरं म्हणते आहे, तेव्हा त्या फॉर्मला हात लावू नकोस. घरी आल्यावर दादा मला म्हणाला, "तू लिही, माझ्यानं फोनवर बोलवणार नाही. त्याला कळव की मला त्याची लाज कधीच वाटली नाही. लोक काही बोलले तर पोरगं आणखी खचेल, या भीतीनं मी त्याला पुण्याला पाठवला होता." हे सांगताना तुझा बाप रडत होता रे.

तुझीच,
नलू आत्या