गुळ्या भुंकत नाही

ठाणाकुशनूर,
९ डिसेंबर २०२४

चि. संघपाल यास अक्काचा सप्रेम जय भीम. वि. वि.

नरसिंगच्या जीपमधून तू पाठवलेलं पिल्लू पोचलं. अंगाचा रंग पाहून गुळ्या नाव ठेवलं. मागच्या पत्र्याच्या शेडात पोतं अंथरून त्याची सोय केली आहे. इतकं शहाणं पिल्लू मी पाहिलं नाही. आल्यापासून एकदाही रडलं नाही. तुझ्या बडबडीनं तिकडं त्याला झोप मिळत नसावी.

फोनवरचं मला काहीच कळेना, म्हणून पुन्हा पत्रावर आले. कानातलं मशीन घातलं की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटतं, ते डब्यात ठेवलंय. कुकर जळाला आणि गॅसवाला दार ठोकून परत गेला, हे कळल्यापासून बुद्धरत्न हट्टाला पेटलाय. घर बंद करायचं आणि मी त्याच्याकडे हैदराबादला राहायचं. तूच मधे पडलास, की अक्काला कुत्रं देतो, दाराशी कोणी आलं की ते भुंकत तिच्यापुढं येईल. आता जानेवारीत येऊन तो बघणार आणि मग ठरवणार. पोरगा चांगला आहे, सूनही. पण तिथं मला बाई म्हणणारं कोण आहे? इथं माझे जुने विद्यार्थी ओट्यावर बसून खाणाखुणांनी दोन गोष्टी सांगून जातात.

लेकरांना पापा. माया आहे तशी असू दे.

तुझी,
पंचशीला अक्का

कलबुर्गी,
१४ डिसेंबर

ती. अक्कास संघपालचा सविनय जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग हसू थांबलं. चार पिल्लांत सगळ्यात कांगावखोर तेच होतं. म्हणून तुझ्या शेजारच्या सुमनबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पिल्लू रातभर गळा काढायलंय, गल्लीत कुणाला झोप न्हाई, पण बाईंना कसं सांगावं, त्या तर त्याचं कौतुक करायल्यात.

मनाला लावून घेऊ नकोस. आजपासून त्याला खाटेशेजारी टोपलीत झोपव आणि हात त्याच्या अंगावर ठेव. पिल्लाचं रडणं हाताला कळतं. त्याची आई ज्या गोधडीवर झोपते तिचा तुकडा औरादच्या बसमध्ये कंडक्टरकडे देतोय, तो टोपलीत घाल. तुझी सवय मला ठाऊक आहे. कृपा करून सोड्यात भिजवू नकोस. आईचा वास गेला तर नुसती चिंधी उरेल.

बुद्धरत्नला यातलं काही बोललो नाही. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
संघपाल

ठाणाकुशनूर,
२१ डिसेंबर

चि. संघपाल यास सप्रेम जय भीम.

तुझं पत्र घेऊन शेडात जाऊन बसले. पोत्याची कड त्यानं कुरतडून टाकली होती. मला वाटलं होतं, खेळतोय. वर्गात कोण लेकरू उपाशी आलंय ते मी तोंडावरून ओळखायची. आणि हे भिंतीपलीकडे रडत होतं तेव्हा मी गल्लीभर त्याच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगत होते.

आता तो माझ्या खाटेशेजारी असतो. रडू आलं की त्याच्या बरगड्या हलतात, घशाखाली बारीक कंप येतो. हात ठेवला की तो कमी होत जातो. मग आम्ही दोघं झोपतो. गोधडी धुतली नाही. घरभर कुत्र्याचा वास आहे आणि मी गप्प आहे, हे तुझ्या बायकोलाही सांग.

पण आता वेगळीच काळजी लागली आहे. गुळ्या भुंकतच नाही. दूधवाला आला, शेळ्या आल्या, हा नुसता बघत बसतो. सुमनबाई हातवारे करून विचारायल्या, की हे मुकं झालं का काय. मला कारण कळतं. इतक्या हाका मारूनही कोणी आलं नाही, मग आता तो कशाला मारील? बुद्धरत्न चार तारखेला येतोय. त्याला काय दाखवू?

घरात सर्वांना आठवण सांग.

पंचशीला अक्का

कलबुर्गी,
२७ डिसेंबर

ती. अक्कास सविनय जय भीम.

काही पिल्लं भुंकायला महिने घेतात. हे मला ठाऊक होतं, पण तुझं जाणं टळावं म्हणून बुद्धरत्नपुढं जरा वाढवून बोललो. उन्हाळ्यापर्यंत मुदत माग. नाही ऐकला तर मी येतो. मामाचं त्याच्यापुढं किती चालतं ते मात्र विचारू नकोस. गुळ्याला उगीच भुंकायला लावू नकोस, आधीच घाबरलेलं आहे.

जेवणाची हयगय करू नये ही विनंती.

संघपाल

ठाणाकुशनूर,
६ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास सप्रेम जय भीम.

बुद्धरत्न येऊन गेला. न कळवता एक दिवस आधीच आला, मुद्दामच. मी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. गुळ्या पळत आला आणि पदर ओढायला लागला. मला वाटलं खेळायलाय, म्हणून ढकललं. तो घरात जाऊन परत आला आणि पुन्हा ओढू लागला. रागावून उठले तर पुढं पळाला आणि दाराशी जाऊन थांबला. कडी काढली तर बाहेर बुद्धरत्न उभा.

त्याचं पहिलं म्हणणं हेच, की कुत्रं एकदाही भुंकलं नाही. मी म्हटलं, माझ्यापुढं भुंकून उपयोग नाही हे त्याला तुझ्याआधी कळलंय. त्याला पटेना. मला मागं बसवलं आणि बाहेर जाऊन पुन्हा दार वाजवलं. गुळ्या पुन्हा पदराला. असं बराच वेळ चाललं. शेवटी गुळ्या कंटाळून उंबऱ्यातल्या त्याच्या चपलेवर डोकं टेकून झोपला.

जेवताना पोरानं अर्धी भाकरी गुळ्याला घातली आणि लसीचं विचारून घेतलं. हैदराबादचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. येताना घराला लावायला एक मोठं नवं कुलूप आणलं होतं, ते बॅगेत वरच दिसत होतं. सकाळी ते तसंच बॅगेत घालून घेऊन गेला.

इकडची काळजी सोड आणि आमच्या दोघांवर लोभ ठेव.

तुझी,
पंचशीला अक्का