पेटीतल्या पाच अक्षता

माउंट रॉस्किल, ऑकलंड
८ नोव्हेंबर २००४

तीर्थरूप शकुआत्या,

सुचित्राचा वाकून नमस्कार. (डावा पाय प्लास्टरमध्ये आहे असं कळलं, म्हणून सगळा नमस्कार उजव्याला.) हाड जुळून येतंय ना? श्यामला तुम्हाला पलंगावरून उतरू देत नाही, असं कुशल सांगत होता. लेकीचं ऐका. थोरल्या भावाच्या पंचाहत्तरीचे लाडू वळायला म्हणून निघायचं आणि अंगणात घसरून सांगलीलाच अडकून पडायचं, हे तुम्हाला पायापेक्षा जास्त लागलं असणार. म्हणून त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सविस्तर लिहिते. ईमेल करत नाही, कारण ईमेल कुशलकडे उघडते आणि वहिनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. हे पत्र फक्त तुमच्यासाठी आहे, आणि पुढे वाचाल तेव्हा का ते कळेलच.

मला रजा मिळाली नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या फार्मसीत आम्ही तिघी, त्यातली एक बाळंतपणाला गेलेली. बाबांना बघून तीन वर्षं झाली. मोतीबिंदू काढल्यापासून फोनवर त्यांचं एकच पालुपद होतं, की डोळे नवे झाले, आता त्यांना तुझं तोंड दाखव. मग ठरलं की निदान कॅमेऱ्यावर तरी भेटायचं. कुशलने कोल्हापुरात सगळी जय्यत तयारी केली, शेजाऱ्यांना खुर्च्या मांडून बोलावलं, आणि ऑक्टोबरच्या एकतीस तारखेचा रविवार, तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे इकडचे संध्याकाळचे साडेसहा, अशी वेळ नक्की झाली. आणि नेमका आमचा जुना कॉम्प्युटर सप्टेंबरात वारला. मी म्हटलं, दुकानातून तयार आणू. प्रमोद म्हणाला, तयार कॉम्प्युटर आणणं म्हणजे हॉटेलातून वरणभात आणणं. मी बांधतो. (तो बारा वर्षं कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे हे खरं, पण सॉफ्टवेअरच्या. स्वयंपाक उत्तम येतो म्हणून आचाऱ्याने चूल बांधायला घ्यावी, त्यातली गत.) पेनरोजच्या एका दुकानातून त्याने एक रिकामी पेटी आणली, पंखे आणले, वायरींची भेंडोळी आणली, आणि मदरबोर्ड आणला. मदरबोर्ड म्हणजे एक हिरवी पाटी, जिच्या अंगाखांद्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. नाव कुणी ठेवलं देव जाणे, पण योग्य ठेवलंय.

दसरा शुक्रवारी आला. दोघंही कामावरून लवकर परतलो. पेटी जेवणाच्या टेबलावर उघडी होती, सगळं बसवून झालेलं, फक्त मेमरीची पट्टी तिच्या फटीत बसवायची राहिली होती. शस्त्रपूजेला मी विळी मांडली, माझा गोळ्या मोजायचा ट्रे मांडला, सिद्धीची कंपासपेटी आणि प्रमोदचा स्क्रूड्रायव्हर मांडला. पेटीवरही अक्षता वाहते म्हटल्याबरोबर त्याने हात आडवा घातला. हळद, कुंकू, तांदूळ यातलं काहीही माझ्या मदरबोर्डच्या दहा फुटांत येता कामा नये, हे यंत्र विज्ञानावर चालतं, असं व्याख्यान झालं. (तुमचा जावई नास्तिक आहे. मंडळाच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवतो, पण त्या म्हणे तालासाठी.) मग तो कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला. आत्या, नवं हत्यार पूजेशिवाय हातात घेऊ नये हे मला तुम्हीच शिकवलंत. मी पाच अक्षता मोजून घेतल्या (फार्मासिस्ट आहे, मोजल्याशिवाय माझ्या हातून काही सुटत नाही) आणि पेटीच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाहीत अशा ठेवल्या. आपल्या माहेरच्या, कुंकवाच्या, लालबुंद. सासूबाईंच्या कुडाळला अक्षता हळदीच्या असतात, आणि त्यावरून आमच्या लग्नात अंतरपाट धरायच्या आधी काय रामायण झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

प्रमोद आला, त्याने मेमरी बसवली, कळ दाबली. पंखा गरगर फिरला, हिरवा दिवा लागला, आणि स्क्रीन ठार काळा. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. श्रीखंड तसंच राहिलं. दुसऱ्या दिवसापासून लेबर डेची तीन दिवसांची सुट्टी होती आणि शंतनू (प्रमोदचा कॉलेजचा मित्र, पोरिरुआला असतो) आठ तास गाडी हाकून मजा करायला आला होता. त्याची मजा अशी झाली की तीन दिवस तो आमच्या टेबलाखाली वायरी धरून बसला. दोन पक्ष पडले. प्रमोदच्या मते दोष वीज पुरवणाऱ्या डब्याचा, म्हणजे पॉवर सप्लायचा, आणि शंतनूच्या मते मदरबोर्डचा. आपापल्या मताला पुरावा म्हणून दोघांनी प्रत्येक भाग काढून परत बसवला. मेमरीची पट्टी तर चारदा काढली, फुंकर मारली, परत खोचली. तिच्या एका टोकाची खिट्टी लागत नव्हती, तर "हे असंच असतं" म्हणून प्रमोदने अंगठ्याने दाबून ठेवली. सिद्धी दर तासाला येऊन "डॅडी, इज इट डेड?" असं विचारून जायची, त्यामुळे वातावरणाला फारच मदत झाली. दुसऱ्या कुणाच्या घरून कॅमेरा लावावा, तर आमच्या गल्लीतली दोन मराठी घरं. एक कुटुंब फिजीला गेलेलं, आणि दुसऱ्यांशी गणपतीतल्या उकडीच्या मोदकांवरून आमचं बोलणं बंद.

सोमवारी शंतनूने मदरबोर्ड पेटीतून बाहेर काढला, आणि पेटी उलटी केल्याबरोबर टेबलावर टपटप चार लाल अक्षता पडल्या. शंतनू म्हणाला, वहिनी, हे काय? मी म्हटलं, बिर्याणीचा तांदूळ सांडला असेल. (शंतनूने आयुष्यात भात लावलेला नाही, त्याला पटलं.) प्रमोदने मात्र ते दाणे घाईघाईने गोळा करून खिशात टाकले. मला वाटलं, आता शंतनू गेला की माझी धडगत नाही. पण तो गेल्यावरही प्रमोद एक अक्षर बोलला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आता मला सांगा, ठेवल्या पाच आणि पडल्या चार. मग पाचवी कुठे? आठवडाभर मी फार्मसीत गोळ्या मोजत होते आणि चित्त त्या एका दाण्यात होतं. आपल्याच हाताने आपण बाबांची भेट हुकवली, असं सारखं मनात यायचं. कबूल करावं, तर नास्तिकाच्या हाती जन्मभराचं आयतं कोलीत. रविवार उजाडला तरी स्क्रीन काळाच. दुपारी प्रमोद पेनरोजला नवा पॉवर सप्लाय आणायला धावला, आणि मी माझा बारीक चिमटा आणि टॉर्च काढला. मेमरीची पट्टी सोडवली, फटीत टॉर्च मारला, आणि तळाशी, अगदी टोकाला, चेपून चपटा झालेला तांदळाचा एक दाणा! पिवळा पडला होता. आठवडाभर दाबून, तापून कुंकू उडालं असेल, म्हटलं. तो काढला, पट्टी दाबली, आणि दोन्ही खिट्ट्या टकटक लागल्या. कळ दाबली तर स्क्रीन लख्ख उजळला. मी लगेच बंद केला आणि बटाटे सोलत बसले. प्रमोद आला, नवा पॉवर सप्लाय बसवला, कळ दाबली आणि ओरडला. जँडल्स (इकडच्या रबरी चपला) घालून स्वयंपाकघरभर नाचला. शंतनूला फोन करून "मी म्हटलं नव्हतं का?" हे त्याने तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, तुझ्यासारखा तूच.

बाकीचं सगळं त्यात भरायला पावणेदोन तास गेले. सहा पंचविसाला कॅमेरा लागला, आणि साडेसहाला आधी छतावरचा पंखा दिसला, मग कुशलची बोटं, आणि मग बाबा. नवा फेटा, काळा चष्मा. चित्र अडकत अडकत येत होतं, त्यामुळे ते हसायचे आणि हसू पोचेपर्यंत गंभीर व्हायचे. त्यांनी चष्मा काढला, अगदी जवळ आले आणि म्हणाले, किती वाळलीस गं. आत्या, मी एवढी रडले की सिद्धीलाच पुढे व्हावं लागलं. ती म्हणाली, "हॅपी बर्थडे आजोबा, यू लुक हीप्स कूल." त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी स्क्रीनवर हात ठेवून आशीर्वाद दिला. मला ओवाळायचं सुचलंच नव्हतं. निरांजन लावून आणलं ते प्रमोदने. म्हणाला, ओवाळ, पण मॉनिटरला काजळी लावू नकोस.

तर अशी ही हकिगत. नवऱ्याच्या पाठीमागे पूजा केल्याचं पाप माझ्या माथी आहे, आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून तुमच्यापुढे कान धरते. काही प्रायश्चित्त असेल तर कळवा, उपास सोडून. श्यामलाला आठवण सांगा. तुमचा पाय लवकर जमिनीला लागो, पण श्यामला सांगेल तेव्हाच.

तुमची,
सुचित्रा

ता. क. पत्र वाचून फाडून टाका. तुकडे बारीक करा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पेटीवरची धूळ पुसायला घेतली, तर पंख्याच्या जाळीत माझी पाचवी अक्षता सापडली. लालबुंद. म्हणजे माझ्या पाचही हजर. मग फटीतला तो पिवळा दाणा? मी प्रमोदचा स्क्रूड्रायव्हरचा डबा उघडला. तळाशी कागदाची पुडी, आत हळदीच्या अक्षता, आणि पुडीवर सासूबाईंचं अक्षर: "प्रमोद, नवीन काम सुरू करताना एक वाहत जा." बिचारा चार लाल दाणे खिशात घालून आठवडाभर कसल्या कोड्यात पडला असेल!

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. तुमची आणि सासूबाईंची फोनवर गट्टी आहे, तर हळदीच्या अक्षतांना तूप किती आणि हळद किती, ते सहज म्हणून विचारून मला कळवा. मी विचारलं तर त्यांना संशय येईल. पुडीत चारच अक्षता उरल्यात, त्या गुपचूप भरून ठेवायच्या आहेत. आणि पुढच्या दसऱ्याला डेअरीत दूध आणायला मी जाणार आहे. येताना जरा लांबून येईन.