काकासाहेबांच्या नावाची बाटली

७ एप्रिल २०१९
सोसायटीचे अध्यक्ष काकासाहेब यांनी आमची पाण्याची मोटर भर मीटिंगमध्ये काढायला लावली. नळाला पाणी आठ दिवसांनी. मोटर लावली तर बिघडलं कुठं? पुरता सूड घेणार. ठरलं.

१४ एप्रिल
आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रचार डॉक्टर सावनींनी माझ्यावर सोपवला. योग्य माणूस निवडला. पन्नाशीपुढच्यांनी शौचाचा नमुना बाटलीत द्यायचा. न दिसणारं रक्तही मशीन पकडतं. लवकर कळलं तर माणूस वाचतो. दारोदार फिरलो. समोरच्या चंपाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. प्रतिसाद शून्य.

१७ एप्रिल
काकासाहेबांनी चारचौघांत बाटली आणून दिली. म्हणाले, लाजायचं काय त्यात, सगळ्यांच्याच पोटाचं हाय. दुपारपर्यंत एकतीस बाटल्या आल्या. राबलो मी, टाळ्या त्यांना.
मला टेस्टची गरज नाही. दोन वर्षं रक्त पडतंय ते मूळव्याधीचं. बायकोला, दमयंतीला, सांगितलेलं नाही. बायका उगाच घाबरतात.

१८ एप्रिल, सकाळी ६.१०
बाटल्या रात्रभर माझ्याच ताब्यात. काकासाहेबांची फेकली. नव्या बाटलीवर त्यांचं नाव, आत नमुना माझा. बसा आता बोंबलत.

२६ एप्रिल
काकासाहेब पॉझिटिव्ह. आता दुर्बीण घालून आतडं तपासणार. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध, घरात पाणी दोन बादल्या. आज दोन घास जास्त जेवलो.

४ मे
त्यांचं आतडं साफ निघालं. मशीन भंगार असणार. डॉक्टर म्हणतात, मशीन ठीक आहे, बाटली दुसऱ्याची असावी. त्याला ताबडतोब शोधा, उशीर जिवावर बेतेल. शोधायचं काम अर्थात माझ्याकडे. काकासाहेब म्हणाले, त्यो बिचारा बेखबर असंल, मीबी येतो संगं.

६ मे
दोन दिवस घरोघर. काकासाहेब प्रत्येक दारात हात जोडून विचारतात, कुणाला रक्त पडतंय का, लपवू नका. तिसऱ्या मजल्यावर मला घेरी आली. ऊन फार आहे.

७ मे
जिन्यात त्यांना सगळं सांगून टाकलं. ते पायरीवर टेकले. मग म्हणाले, मोटरचा राग व्हय? आणि डॉक्टरांना फोन लावला.

१३ मे
माझ्या आतड्यात गाठ निघाली. माझ्या दुर्बिणीच्या आदल्या दिवशी काकासाहेबांनी स्वतःच्या वाट्याचं टँकरचं पाणी आमच्या टाकीत सोडलं होतं. गुरुवारी ऑपरेशन. दमयंती सकाळपासून दवाखान्याची पिशवी भरतेय. ऑपरेशनच्या फॉर्मवर साक्षीदाराची सही काकासाहेबांनीच केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, शेजारी. सूड घ्यायला आता कुणी उरलं नाही. फार भीती वाटतेय.