सांधा सापडत नाही

४ मार्च

मिळाला! एकदाचा मिळाला!

भंगारवाल्याने गोणीतून काढून समोर टाकला तेव्हा चेहरा मख्ख ठेवला मी. आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या. युद्धकाळातला, लांब नळीचा, डबा वेगळा पिशवीत अडकवायचा तो गॅस मास्क — आणि पिशवीसकट! तो म्हणाला, बाई, रबर पार गेलंय, कशाला नेता. म्हटलं, असू दे, पडून राहील एखादा. जरा डोळे चमकले असते तर भाव लगेच दुप्पट.

घरी आले तर भावजय दारातच उभी. "वन्सं, आणखी एक थोबाड?" तिच्या मते या घरात माणसं तीन आणि थोबाडं भिंतभर. रबरी हातमोजे, विषारी वायूपासून वाचवणारे ते बंद अंगरखे, सगळ्याला ती 'भुताचा संसार' म्हणते. म्हणू दे!

धाकटा भाऊ मात्र बघत बसला. तो धान्याच्या गोदामात काम करतो. किडीसाठी पोत्यांमध्ये औषधाच्या गोळ्या ठेवायच्या, त्यातून विषारी वायू सुटतो — म्हणजे मास्क हे त्याचं रोजचंच. नळीवरून हात फिरवत राहिला. आवडली वस्तू हातातून सोडवत नाही त्याला.

७ मार्च

नळी ग्लिसरीनच्या बादलीत, रबर मऊ पडावं म्हणून. आज किंचित वाकली! काल काठीसारखी होती.

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. दातांच्या दोन डॉक्टरांची घाई, एकाची कटकट. बोटं कवळीवर, जीव घरच्या बादलीत.

१० मार्च

आज डब्याचं काम. सगळ्यात अवघड.

या जुन्या डब्यांमधून श्वास घ्यायचा नसतो, हे जमवणाऱ्यांना पहिल्या दिवशीच कळायला हवं. वायू गाळायला आत जे भरलेलं असतं त्यात कधीकधी अॅस्बेस्टॉस निघतं. त्याचा धुरळा छातीत गेला की संपलं. म्हणून गच्चीत बसले, तोंडाला आजच्या काळातला चांगला मास्क, आणि सगळं पाण्याने भिजवून भिजवून डब्याचं बूड कापलं. आतला कोळसा, तो कुजका गाळणीचा थर, जाळी — सगळं ओलंच पिशवीत बांधून घातक कचऱ्याच्या गाडीत दिलं. आता डबा नुसता पोकळ.

मग खरी मजा! बूड परत बसवलं, कथलाचा डाग देऊन जोडलं, कानशीने घासलं, वर तोच मळकट हिरवा रंग. कारखान्याचा छाप पुसट झाला होता, तो दातकामाच्या सुईने कोरून हुबेहूब काढला. शेवटी मलाच कळेना कुठे कापलं होतं ते. आयुष्यभर खोट्याला खऱ्यासारखं करण्याचंच तर खाल्लं मी!

१४ मार्च

संग्रहालयातल्या बाई येऊन गेल्या. 

नवं दालन उघडताहेत. मधोमध काचेचं एकच कपाट, त्यात एकच मास्क. बाकीचे बाजूच्या भिंतींवर. त्या एका जागेसाठी मी किती वर्षं झुरतेय हे फक्त मला माहीत! लोकांना वाटतं बाई भंगार गोळा करते. एकदा तरी कुणीतरी काचेआड ठेवून खाली माझं नाव लिहावं, एवढीच इच्छा.

बाईंनी सगळी भिंत पाहिली. मान डोलावली. मग हा हातात घेतला आणि बोलायच्या थांबल्या. भिंग काढलं. डबा उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला.

"उघडला होतात म्हणता. मग सांधा कुठाय?"

म्हटलं, शोधा!

नाही सापडला त्यांना. भिंग पर्समध्ये टाकत म्हणाल्या, हाच न्यायचा. पुढच्या आठवड्यात गाडी पाठवतो. जाताना म्हणाल्या, डबा रिकामा आहे तशी चिठ्ठी बुडाला चिकटवून ठेवा, आमच्याकडे तशी पद्धत आहे. मी म्हटलं, बाई, कवळी बसवून दिल्यावर तिच्यावर 'खोटी' असं लिहितं का कुणी? हसल्या. म्हणाल्या, बरं, आम्ही कपाटातल्या पाटीवर लिहू.

त्या गेल्यावर भावजयीने मला मिठी मारली. भुताचा संसार म्हणणारीने!

१६ मार्च

सकाळी धाकट्याने मास्क तोंडाला लावून पाहिला. पट्टे नीट ओढले, नळी सरळ केली, सवयीचा हात आहे त्याचा. आरशासमोर उभा राहून लांब लांब श्वास घेतले. काढला तेव्हा चेहऱ्यावर लहानपणी जत्रेतून आल्यावर असायचा तसा आनंद.

"ताई, काय मोकळा श्वास येतो गं याच्यात! आमच्या गोदामातल्यात जीव घुसमटतो."

मग बराच वेळ गोदामाचं रडगाणं. मास्क जुने, पट्टे कुजलेले, मालक म्हणतो पुढच्या महिन्यात बघू. मी अर्धंच ऐकलं. मोकळा श्वास हे शब्द कानात राहिले होते. तोही डब्याचा सांधा शोधत बसला. नखाने चाचपला, कानाशी हलवून पाहिला. हरला बिचारा. म्हणाला, अगदी आतून-बाहेरून नवा करून टाकलास.

मी नुसती हसले. असं कौतुक कुणी मधेच तोडतं का!

१८ मार्च

गल्लीभर झालंय. भावजयीचं काम! दूधवाल्यानेही विचारलं, ताई, तुमचं नाव लागणार म्हणे काचेत? लॅबमधल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. कटकट्या डॉक्टरसुद्धा म्हणाला, तुमच्या हातात काहीतरी आहे. आहेच मुळी!

१९ मार्च

कामावरून आले तर खुंटी रिकामी. पिशवीही नाही. गाडी येऊन गेली वाटतं! मला एक निरोप द्यायचा की नाही? भावजय माहेरी गेलीय, जाताना तिनेच दिला असणार. जाऊ दे. नेला, हे महत्त्वाचं.

रिकाम्या खुंटीकडे बघून इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. धाकटा आला की दोघं मिळून तिथे दुसरा टांगू.

२० मार्च

गाडी आलीच नव्हती. गोदामातल्या मास्कचा पट्टा तुटला म्हणून एका दिवसापुरता धाकट्याने नेला होता.

हॉस्पिटलात आहे. जिवाचा धोका टळला म्हणतात, फुप्फुसांचं आत्ताच सांगता येत नाही. मला जवळ बोलावलं. धाप लागत होती तरी बोलला — "वास येत होता गं ताई. एरवी वास आला की आम्ही धावतच बाहेर येतो. पण तोंडावर तुझा मास्क होता, म्हणून थांबलो."