सेल मीच बदलला

३ मार्च
लॅपटॉपच्या मते आज १ जानेवारी २०१२. रोज सकाळी हेच. तारीख चुकली की एक साइट धड उघडत नाही. पुढच्या सोमवारी बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे, मुलं झाल्यापासून पहिलाच. आरशासमोर उत्तरं पाठ करते. बिचारी फार टेन्शनमध्ये आहे. मी आहे म्हणून बरं.

४ मार्च
निदान केलं. आत बटणाएवढा सेल असतो, सीमॉस बॅटरी म्हणतात. लॅपटॉप बंद असताना वेळ तोच सांभाळतो. तो मेलाय. मेहुणा म्हणाला, दुकानात द्या, तासाभराचं काम. त्याला सगळंच दुकानात द्यायची सवय. उद्या मी स्वतः करणार.

५ मार्च
मूड नव्हता. स्क्रू ड्रायव्हरही नव्हता.

७ मार्च, सकाळ
नवा सेल आणला. डायनिंग टेबल ताब्यात घेतलं. बायकोने दोनदा विचारलं, जमतंय ना? ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं, असं सांगितलं.

७ मार्च, संध्याकाळ
फत्ते! सेलच्या वायरीला इवलासा प्लग आहे, तो कुठे बसतो ते काही सापडलं नाही. पण सेल चिकटपट्टीने घट्ट बसवलाय. झाकण लागेना, कोपराने दाबलं. तारीख अजून जुनीच दाखवतोय. नवीन आहे, रुळायला एक रात्र लागणारच.

८ मार्च
तारीख बरोबर! रुळला.

९ मार्च
इंटरव्ह्यू झकास झाला. दाराआडून ऐकलं. शेवटी शेवटी ती चक्क हसत होती. निम्मं श्रेय तिचंही आहे.

१२ मार्च
नोकरी मिळाली! डोळ्यांत पाणी आलं, दोघांच्याही. मेहुण्याला फोन करून सेलची साग्रसंगीत हकीकत ऐकवली. त्याने नुसता सुस्कारा टाकला. जळतो. आता वॉशिंग मशीन हातात घ्यायचं.

२१ मार्च
शनिवार. मला सुट्टी, तिला ऑफिस. आरामात लॅपटॉप उघडला. १ जानेवारी २०१२.
तिला फोन लावला. म्हणाली, अगं बाई, आज घाईत राहिलंच. काय राहिलं? तर तारीख टाकायची. रोज तुम्ही उठायच्या आधी मीच टाकते म्हणाली. इंटरव्ह्यूच्या दिवशीसुद्धा.
मग मला बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, बोलले असते तर तुम्ही तो पुन्हा उघडला असता, आणि मला ही नोकरी हवी होती.
शेवटी तारीख कुठून बदलतात तेवढं विचारलं. म्हणाली, हात लावू नका, संध्याकाळी आले की करते.