अण्णा, महाबळेश्वरचा तो खर्च तुमचा नव्हता

प्रिय अण्णा,

सासऱ्यांना कुणी असं 'प्रिय' लिहीत नाही, पण आज मानपान सांभाळायचं त्राण नाही मला. दुपारी बँकेचं पत्र आलं. तुमच्या क्रेडिट कार्डावरचा महाबळेश्वरच्या हॉटेलचा खर्च तुम्ही केलेला नव्हता, हे त्यांनी मान्य केलंय. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी! आता कुणाला वाचून दाखवू हे पत्र?

स्टेटमेंट आलं त्या दिवशी तुम्ही नवा चष्मा लावून ओट्यापाशी आलात. "सूनबाई, ह्यो कंचा खर्च गं? म्या महाबळेश्वरला कवा गेलो?"

मी पोळ्या लाटत होते. कागदाकडे धड पाहिलंही नाही. "अण्णा, मोबाइलवर चुकून कुठंतरी दाबलं असेल तुम्ही."

"न्हाई गं. म्या कायबी दाबलं न्हाई."

किती ठाम बोललात! तरी मला का पटलं नाही?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "अण्णांना हल्ली आठवत नाही," तुमचा लेक म्हणाला, आणि मी मान डोलावली. एकदा तुमच्याकडून गॅस चालू राहिला होता, तेवढा पुरावा पुरला आम्हाला. ह्यांनी पैसे भरून टाकले, कार्ड काढून घेतलं. मग स्कूटरची किल्लीही. आपल्याच भागात, विश्रामबागेतल्या विश्रामबागेत एकट्यानं जायचीसुद्धा बंदी!

महिनाभर तुम्ही विचारत राहिलात. मग एक दिवस गॅलरीत बसल्या बसल्या हळूच म्हणालात, "आसंल. म्याच केलं आसंल."

अण्णा, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं हो! त्यानंतर तर जेवलात का विचारलं, तरी तुम्ही माझ्याच तोंडाकडे बघायचात. "जेवलो का गं मी?"

तुम्ही गेल्यावर कार्ड बंद करायला आम्ही बँकेत गेलो. तिथल्या मॅडम कॉम्प्युटरवर बघत म्हणाल्या, "या खर्चाची फोनवरून तक्रार केली होती की त्यांनी. लगेच, त्याच आठवड्यात."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"नंतर मागे घेतली. नोंद आहे बघा. 'घरचे म्हणतात मीच केलाय, मला आठवत नाही.'"

म्हणजे आमच्या चोरून एकटेच झगडत होतात? एकदा तरी ओरडायचं होतंत आमच्यावर! सुभेदार ना तुम्ही? फौजेत हाताखालच्या माणसांना दरडावलंत, आणि सुनेपुढं गप्प बसलात?

मॅडमनी विचारलं, "त्या तारखेला ते कुठं होते?" मी तारीख वाचली. त्या दिवशी मिरजेत तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यावर पट्टी, मोबाइल माझ्या पर्समध्ये. दिवसभर तुमचा हात धरून कोण बसलं होतं? मीच!

मग दवाखान्याचे कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला. बँकेच्या किती खेपा घातल्या! शेवटी कळलं, कुणीतरी तुमच्या कार्डाचा नंबर चोरून परदेशी साइटवरून बुकिंग केलं होतं. ओटीपीसुद्धा लागला नव्हता. तुम्ही वेळेत फोन केला होतात म्हणून त्यांनी दखल घेतली. तुमच्याच त्या फोनमुळं, अण्णा.

पत्र वाचून हे म्हणाले, "मी बापाला खुळा ठरवला गं." बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ आतच बसले. मी दाराबाहेर उभी होते.

तुमच्या दहाव्याला तुमची थोरली बहीण, कराडच्या आक्का, सगळ्यांना सांगत होत्या, "सुटला बिचारा, डोकं गेलं हुतं त्याचं." त्यांना ते कुणी सांगितलं? मीच, फोनवर!

उद्या सकाळच्या एसटीनं मी कराडला जातेय. भावकीतल्या सगळ्यांना गोळा करायला सांगितलंय आक्कांना. मला माफ करा असं म्हणायचा धीर नाही, पण शब्द देते, सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. अण्णा काही विसरले नव्हते. ऑपरेशनचा दिवस मी विसरले होते.

तुमची सूनबाई,
सुनीता