आईचे मिस्ड कॉल

मंगळवार, परभणी. दिवेलागणीची वेळ.

संशय खरा निघाला. मी न मागितलेलं कसलंतरी गाणं माझ्या फोनला लावून कंपनी दर महिन्याला पैसे कापायली होती. मला कळणार कसं? आपल्या फोनचं गाणं फोन करणाऱ्याला ऐकू येतं, आपल्याला नाही. कुणी सांगितलंही नाही. कुठलं गाणं ते न विचारता दुपारी तावातावाने बंद करून टाकलं.

आत्ता पोखर्णीहून आईचा फोन. रोज संध्याकाळी तिचा मिस्ड कॉल असतो, मी उचलायच्या आत ठेवते. बॅलन्स वाचवत असेल, असं धरून चाललो होतो. आज मात्र तिने वाजू दिला, मी उचलला.

"काय केलास रे? आज नुस्तं टिरिंग टिरिंग करायलंय. नरसिंहाची आरती कुठं गेली?"

म्हणजे ते रोजचे मिस्ड कॉल...

"मग मी उचलायच्या आतच का ठेवतीस?"

"तू उचललास की आरती बंद पडती ना, बाबा."

तब्येत विचारली, जेवण विचारलं. शेवटी तीच म्हणाली, "ठेव आता. अन् आरती लाव."

उद्या आपल्याच हाताने पैसे भरून चालू करणार. असंच होणार हे कंपनीला आधीपासून ठाऊक होतं, असा माझा दाट संशय आहे.